रोल नंबर एकतीसचा प्रश्न

दर सोमवारी दुपारी एक वाजता प्रा. श्यामसुंदर सोहोनी आमच्या कॉलेजच्या ऑनलाइन चर्चा-फलकावर तृतीय वर्ष अर्थशास्त्राच्या वर्गाला एक विषय देत. 'या घटकाविषयी आपले मत मांडा.' त्या वेळी सोहोनी सर घरी जेवत असायचे. विषय मी टाकत होतो.

मी संतोष. शनिवार पेठेतल्या या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबचा सहायक, सोळा वर्षं कंत्राटावर. जुलैच्या सुरुवातीला फलक सुरू झाला तेव्हा प्रत्येक प्राध्यापकाला मी खातं उघडून दिलं. सोहोनी सरांनी पासवर्डची चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली सरकवली आणि म्हणाले, "ते फलकाचं तुम्हीच बघा." त्यामुळे चौदा आठवडे मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक होतो. कुणाला फरक जाणवला नाही. मलाही नाही.

फलकाची कल्पना डॉ. उल्का मॅडमची. मॅडम आमच्या गुणवत्ता कक्षाच्या समन्वयक. नोव्हेंबरात मूल्यांकन समिती यायची होती आणि समितीला 'वर्गाबाहेरील शैक्षणिक संवाद' बघायचा असतो. वर्गाच्या आत संवाद आहे का, हे कोणी विचारत नाही, म्हणून बाहेर तरी दाखवावा लागतो. मॅडमनी नियम केला. प्रत्येकानं आठवड्याला एक पोस्ट टाकायची आणि दुसऱ्या दोघांच्या पोस्टवर प्रतिसाद द्यायचे. त्याचे दहा गुण. आणि जे विद्यार्थी सकाळी नोकरी करतात, त्यांना त्या आठवड्याची हजेरीही फलकावरूनच मिळणार. हा दुसरा भाग चांगला होता. तो कोणाच्या चुकीनं आत शिरला ते कळलं नाही.

वर्गात अठ्ठावन्न विद्यार्थी. पहिल्या आठवड्यात मुलं गोंधळली, दुसऱ्या आठवड्यात वर्गप्रतिनिधी वरदनं साखळी लावली. रोल नंबर एकनं दोन आणि तीनला प्रतिसाद द्यायचा, दोननं तीन आणि चारला, असं करत अठ्ठावन्ननं परत एक आणि दोनला. कोणाचं काही वाचायची गरज नाही. प्रतिसादही ठरलेले: 'नाइस पॉइंट', 'पूर्णपणे सहमत', 'खूप छान मांडणी'. रविवारी संध्याकाळी सात ते सव्वासात या वेळात आमच्या कॉलेजात आठवड्याची सगळी बौद्धिक चर्चा उरकायची. वरदनं हे मला स्वतःच सांगितलं, अभिमानानं. मी म्हटलं, तू पुढं मोठा माणूस होणार. तो 'थँक यू सर' म्हणाला. टोमणा कळण्यासाठी आधी वाक्य वाचावं लागतं, ऐकावं लागतं. ती सवय सुटली होती.

ही साखळी एका मुलीनं तोडली. रोल नंबर एकतीस, निकिता ओव्हाळ.

निकिता मांजरी गावची. तिचे वडील बाबुराव मार्केट यार्डात हमाल आहेत आणि ती तिथंच पालेभाजीच्या एका गाळ्यावर पहाटेपासून साडेनऊपर्यंत चिठ्ठ्या लिहायला असते: कुठल्या गावची गाडी, मेथी किती, कोथिंबीर किती. सोहोनी सरांचा तास सात वीसला. म्हणजे सर वर्गात मागणी-पुरवठ्याची आकृती काढत तेव्हा ही मागणी आणि पुरवठ्याच्या मध्ये उभी असायची. हजेरी लागायची सरांच्या वर्गातल्यांची. तिला हा फलक म्हणजे वर्गच होता. बिचारीनं तो नियम खरा मानला. आमच्याकडं नियम लावायचे असतात, मानायचे नसतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तिनं लिहिलं:

'सर, पुस्तकात दिलंय की आवक कमी झाली की भाव वाढतो. परवा आमच्या गाळ्यावर पावसात भिजलेली मेथी आली. आवक रोजच्या निम्मी होती, तरी भाव पडला. कारण भिजलेली जुडी दुपारपर्यंत पिवळी पडते आणि घेणाऱ्याला ते माहीत असतं. मग माल किती तास टिकणार, हे मागणीत धरायचं की पुरवठ्यात? आकृतीत ते कुठं दाखवायचं?'

साखळीप्रमाणे तीस नंबरच्या आमोदनं प्रतिसाद दिला. 'नाइस पॉइंट निकिता.'

निकितानं खाली विचारलं, 'कोणता पॉइंट? मी प्रश्न विचारलाय.'

इथून बिघडलं. आमोद दोन दिवस वर्गात तोंड लपवून फिरला. त्याच आठवड्यात तिला बत्तीस नंबरच्या सुरुचीला प्रतिसाद द्यायचा होता. सुरुचीनं मोबाइलमधल्या कुठल्याशा ॲपकडून लिहून घेतलं होतं की भाव वाढला तरी मिठाची मागणी घटत नाही. निकितानं ते वाचलं. वाचून विचारलं, कांदाही माणसं सोडत नाहीत, पण महाग झाला की अर्धाच चिरतात, मग कांदा मिठासारखा का नाही? सुरुचीनं वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रार केली की आता मला माझी पोस्ट वाचावी लागणार. ग्रुपवर सगळ्यांना तिची दया आली. वरदनं निर्णय दिला: एकतीसला साखळीतून काढा. एकोणतीसनं तीस आणि बत्तीसला, तीसनं बत्तीस आणि तेहतीसला. साखळी पुन्हा सुरळीत. निकिताला ग्रुपमधूनही काढलं. चर्चेच्या फलकावर प्रश्न विचारणं हे आमच्या वर्गात लोकांच्या घरी जाऊन फ्रिज उघडण्यासारखं समजलं जाऊ लागलं.

ती लिहीत राहिली. दर आठवड्याला एक पोस्ट आणि दोघांना प्रतिसाद. तिच्या नव्या पोस्टखाली मात्र कोणी फिरकलं नाही. ती समजली, प्रश्न अवघड असतील.

ऑक्टोबरच्या शेवटी मी हजेरीचा अहवाल काढला. एक बटण दाबायचं, की पूर्ण झालेल्यांच्या ओळी हिरव्या, अपुऱ्यांच्या लाल. सत्तावन्न ओळी हिरव्या आल्या. एक लाल. शेरा: 'चर्चेत सहभाग नाही.'

कारण नियमाच्या तिसऱ्या पुरवणीत एक कलम होतं. ज्या पोस्टला किमान दोन विद्यार्थ्यांचे प्रतिसाद नाहीत, ती चर्चा समजली जाणार नाही. ती पुरवणी दोनच माणसांनी वाचली होती, लिहिणाऱ्या मॅडमनी आणि ते कलम सॉफ्टवेअरमध्ये बसवणाऱ्या मी. म्हणजे अख्ख्या वर्गात चर्चा करणारी एकटीच मुलगी, आणि चर्चा न केल्याबद्दल तिचाच परीक्षेचा फॉर्म अडला. तृतीय वर्ष. फॉर्म गेला नाही की वर्ष गेलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती लॅबमध्ये आली. मागं बाबुराव, अंगात हमालाचा शर्ट, दंडावर बिल्ला. ते दाराबाहेरच चपला काढायला लागले. मी म्हटलं, अहो राहू द्या, इथं आमचे प्राचार्यही बूट घालून येतात. तरी त्यांनी काढल्या.

निकितानं आवाज चढवला नाही. चौदा आठवडे लिहिलंय म्हणाली. मी तिला कलम दाखवलं. तिनं ते दोनदा वाचलं.

"म्हणजे दुसऱ्यांनी उत्तर दिलं नाही म्हणून मी गैरहजर?"

"नियम तसा आहे."

"सर, तुम्ही वाचलंत का मी लिहिलेलं?"

मी नाही म्हणालो. माझं काम मोजायचं. वाचायचं काम सोहोनी सरांचं, आणि सोहोनी सरही मीच, हे मी बोललो नाही.

बाबुराव पुढं आले. मग म्हणाले, "साहेब, पोरगी गाळ्यावर पोत्यावर बसून लिवती. मी बघतो रोज. समद्या यार्डाला म्हाईत हाय. मग तुमच्या कालेजात ती नाय कशी?"

मी पुरवणी पुन्हा उघडून पाहिली.

ते गेल्यावर मी निकिताच्या चौदाही पोस्ट वाचल्या. मला अर्थशास्त्र येत नाही, पण चर्चा म्हणजे काय ते ओळखता येतं. मग सोहोनी सरांकडे गेलो. ते म्हणाले, वाईट वाटतं हो, पण तांत्रिक बाबीत मी पडत नाही. उल्का मॅडमकडे गेलो. मॅडम म्हणाल्या, नियम सगळ्यांना सारखा. मी म्हटलं, हो, साखळीतल्या सगळ्यांना. त्यांनी चष्म्यातून बघितलं आणि विचारलं, "संतोष, आपलं कंत्राट कधी संपतं हो?" मी परत आलो. मी शूर माणूस नाही, हे इथंच सांगून टाकतो.

समिती यायला चार दिवस उरले. मॅडमचं फर्मान निघालं, फलकावरची सगळी चर्चा छापून फाइलला लावा. मी विचारलं, ऑनलाइन आहे ते ऑनलाइनच दाखवू या का? मॅडम म्हणाल्या, फाइलमध्ये नसेल तर ते झालं याला पुरावा काय? तर छापली. अकराशे चाळीस पानं, चार बॉक्स फाइली. प्रिंटर दोनदा गरम होऊन बंद पडला. मला वाटतं त्यानं वाचलं असावं.

शिवाय 'उत्कृष्ट चर्चेचे पाच नमुने' वेगळे लावायचे होते. मॅडम स्वतः लॅबमध्ये बसल्या. पान उलटायच्या, 'नाइस पॉइंट'. पान उलटायच्या, 'पूर्णपणे सहमत'. एका मुलीनं चुकून स्वतःच्याच पोस्टवर 'खूप छान मांडणी' लिहिलं होतं. दोनशे पानांनंतर मॅडमचा हात थांबला. भिजलेली मेथी. त्यांनी ते पूर्ण वाचलं. पुढच्या आठवड्याचंही वाचलं.

"ही कोण?"

"लाल ओळ," मी म्हटलं.

"हिला प्रतिसाद का नाहीत?"

मग मी त्यांना साखळी समजावून सांगितली. मला वाटलं, बाईंना धक्का बसेल. बसला. साधारण दहा सेकंद. मग त्या म्हणाल्या, "मग घ्या की हिला साखळीत."

वरदला बोलावणं गेलं. त्यानं उभ्याउभ्या हिशेब केला: चौदा पोस्ट, प्रत्येकी चार प्रतिसाद, छप्पन्न मुलं. उरला तो एक स्वतः वरद, त्यानं देखरेख करायची. चार वाजता सुरू झालं, सव्वाचारला संपलं. 'खूप छान निरीक्षण निकिता.' 'मेथीचं उदाहरण आवडलं.' जुलैच्या प्रश्नाला नोव्हेंबरात दाद मिळाली. मी बटण दाबलं, लाल ओळ हिरवी झाली. निकिता चौदा आठवडे हजर होती, हे सिद्ध व्हायला पंधरा मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी गाळ्यावरचं काम संपवून ती थेट मॅडमच्या केबिनमध्ये आली. मी तिथं फाइलींवर लेबलं चिकटवत होतो. मॅडमनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला. विद्यार्थ्याला चहा मी सोळा वर्षांत पहिल्यांदा पाहिला. मॅडम म्हणाल्या, हजेरीचं झालंय, फॉर्म आजच भर, आणि तुझी चर्चा आपण समितीला नमुना म्हणून दाखवतोय, अभिमान वाटला पाहिजे.

निकितानं चहाला हात लावला नाही.

"हजेरी माझीच होती मॅडम, ती मी घेणार. पण हे छप्पन्न जणांनी लिहिलंय त्यात उत्तर एकही नाही. मला माझ्या प्रश्नाचं उत्तर पाहिजे. सोहोनी सरांचं."

"अगं, समिती परवा येतेय. सर नंतर निवांत सांगतील."

"मग मी माझ्या पोस्टी काढून टाकते. ज्याची पोस्ट त्याला काढता येते, तसं बटण आहे."

मॅडम थंडपणे म्हणाल्या, "पोस्टी गेल्या की हजेरीही जाईल. वर्ष जाईल तुझं. कळतंय का?"

"कळतंय," निकिता म्हणाली. "पण नुसतं नाइस पॉइंट ऐकायला मी लिहीत नव्हते."

मॅडम माझ्याकडं वळल्या. "संतोष, हिचं ते बटण बंद करता येतं ना?"

येतं. दोन क्लिकचं काम आहे.

"नाही येत मॅडम," मी म्हणालो.

माझ्या नोकरीतलं तेवढंच धाडस. तेही खोटं बोलून.

मग मॅडमनी सोहोनी सरांना बोलावलं. ते कुरकुरत लॅबमध्ये आले. काचेखालची चिठ्ठी आणली होती, पण तिच्यावरचा पासवर्ड वाचायला चष्मा आणला नव्हता. मी खातं उघडून दिलं. अक्षरं मोठी केली, तेव्हा आपल्या नावानं चौदा विषय दिलेले त्यांनी पहिल्यांदाच पाहिले. 'बरे आहेत,' म्हणाले. मग मेथीची पोस्ट वाचली. परत वाचली. वहीचा कागद मागून घेतला आणि आकृती काढली, खोडली, दुसरी काढली. समोर निकिता उभी होती, तिच्याकडं त्यांनी बघितलं नाही. वीस मिनिटं गेली. मग एका बोटानं टाइप करायला लागले. मला वाटलं, आता पुस्तकातला एखादा परिच्छेद येणार, भरीला दोन इंग्रजी नावं. ते उठले आणि गेले. पडद्यावर होतं:

'निकिता, या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही. पुस्तकात नाही, माझ्या नोट्समध्येही नाही. बावीस वर्षं मी गहू आणि मेथी एकाच रेषेवर काढत आलो. तुझी पोस्ट मी आज पहिल्यांदा वाचली. जुलैत वाचायला हवी होती.'

निकितानं ते वाचलं. खुर्ची ओढून बसली आणि लिहिलं, 'सर, मग बघायला या. मेथी पहाटे साडेपाचला येते.' आणि फॉर्म भरायला खाली ऑफिसात गेली. फॉर्म घेतला गेला. क्लार्कनं हिरवी ओळ बघून शिक्का मारला, बाकी त्याला कशाशीच कर्तव्य नव्हतं.

इथं गोष्ट संपली असती, पण वरदची देखरेख चालूच होती. निकिताच्या पोस्टखाली नवं काही आलं की सगळ्यांनी प्रतिसाद द्यायचा, असा त्याचा हुकूम होता आणि तो मागं घ्यायला कोणी सांगितलं नव्हतं. अर्ध्या तासात सोहोनी सरांच्या 'मला माहीत नाही' खाली प्रतिसाद सुरू झाले. 'पूर्णपणे सहमत सर.' 'नाइस पॉइंट सर.' 'खूप छान मांडणी.' 'सर, आपण नेहमीच सोप्या भाषेत समजावता.' या खेपेला वरदनंही हात धुऊन घेतले. एकूण सत्तावन्न.

मॅडमनी ते पान फाइलीतून काढायला सांगितलं. प्राध्यापकाला माहीत नाही हे फाइलला कसं लावायचं? मी म्हटलं, मग नमुने चारच उरतात, आणि तेही हिचेच. पान राहिलं.

समितीत तिघं होते. दोघांनी फाइलींची जाडी पाहिली आणि समाधानानं माना डोलावल्या. तिसऱ्या एक वयस्क बाई होत्या. त्यांनी नेमकं तेच पान उघडलं आणि शेवटपर्यंत वाचलं. मग सोहोनी सरांकडं बघून म्हणाल्या, "आपल्याला उत्तर माहीत नाही यावर सत्तावन्न विद्यार्थ्यांचं एकमत आहे. हे फार दुर्मिळ असतं."

"थँक यू मॅडम," आमच्या मॅडम म्हणाल्या.

सोहोनी सर एवढंच म्हणाले, "अठ्ठावन्नावी मुलगी सहमत नाही. शनिवारी तिच्या गाळ्यावर चाललोय."

अहवालात शेरा आला, 'प्राध्यापक-विद्यार्थी सुसंवाद उल्लेखनीय.' मॅडमचं प्राचार्यांनी शाल देऊन कौतुक केलं. सर शनिवारी खरंच गेले. सोमवारी मला म्हणाले, यापुढं विषय मी टाकीन. पासवर्ड मात्र पुन्हा विचारून घेतला.

आणि मंगळवारी मॅडमचं परिपत्रक आलं, ते मीच फलकावर चढवलं. 'चर्चेची गुणवत्ता राखण्यासाठी यापुढे फलकावर प्रश्न विचारण्यापूर्वी समन्वयकांची लेखी परवानगी घ्यावी.' वीस मिनिटांत खाली छप्पन्न प्रतिसाद पडले. 'पूर्णपणे सहमत मॅडम.'

मग रोल नंबर एकतीसचा आला. 'का?'

परवानगी न घेता. मॅडमचा लगेच लॅबमध्ये फोन. "संतोष, तो 'का' काढून टाका."

"ज्याची पोस्ट त्यालाच काढता येते मॅडम," मी म्हणालो. कॉम्प्युटरच्या बाबतीत माझ्यावर सगळे विश्वास ठेवतात, जसा मेथीच्या बाबतीत सरांवर ठेवायचे.

तो 'का' अजून आहे तिथं. त्याच्याखाली सुरुचीनं लिहिलंय, 'नाइस पॉइंट.' मी साखळी तपासून पाहिली. तिला कोणी सांगितलं नव्हतं.